कार्बोरेटरच्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: निवडीपासून पहिल्या फेरीपर्यंत

दर उन्हाळ्यात एकच तक्रार ऐकू येते. जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८०० किंवा पेट्रोल जीप दुपारच्या उन्हात बंद पडते. मिस्त्री म्हणतो, "पेट्रोल चढत नाहीये, इलेक्ट्रिक पंप टाकून घ्या." मालक दुकानात जाऊन त्यातल्या त्यात मोठा पंप आणतो, जुना पाईप कापून मध्ये बसवतो आणि वायर सरळ इग्निशनला जोडतो. पंधरा दिवसांत कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊ लागतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास कायमचा मुक्कामाला येतो. मग सगळा दोष कार्बोरेटरवर ढकलला जातो.

मुळात कार्बोरेटरला फार थोडं प्रेशर लागतं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या वर बसलेली ती छोटी निडल पेट्रोल अडवते, आणि तिला साधारण ३ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास अडवता येतं. त्याहून फार जास्त जोर आला की ती उचललीच जाते, मग ती कितीही नवी असो. म्हणून पंप निवडताना 'जास्त ताकदीचा' हा विचारच डोक्यातून काढून टाका. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम मोडला की बहुतेक वेळा काम दोनदा करावं लागतं.

## टप्पा १: आधी खात्री करा, पंपच गेलाय का

माझ्याकडे मदतीला आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा पंप ठणठणीत होता. दुखणं दुसरीकडेच असतं. नवा पंप घेण्याआधी एवढं बघा:

१. टाकीचं झाकण. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजली आहे. झाकण किंवा व्हेंट साफ करा.

२. टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाईप. हा पाईप ओढणाऱ्या बाजूचा आहे. त्याला भेग असेल तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, पण हवा नक्की आत जाते. दोन बोटांत वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या की बदला.

३. फिल्टर आणि टाकीतली जाळी. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. फिल्टर कापून बघा. आत लालसर भुकटी दिसली तर आधी टाकी साफ करा, नाहीतर नवा इलेक्ट्रिक पंपही महिन्यात चोंदेल.

४. जुना, इंजिनाने चालणारा मेकॅनिकल पंप किती फेकतो. कॉइलला येणारी इग्निशनची वायर काढा, म्हणजे स्पार्क पडणार नाही. कार्बोरेटरकडचा पाईप काढून लांब तोंडाच्या बाटलीत सोडा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दर फेऱ्याला ठळक पिचकारी यायला हवी. नुसती ओल किंवा बुडबुडे आले, आणि वरच्या तीन गोष्टी ठीक असल्या, तरच पंप संशयित.

> तपासा: डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल खुणेच्या वर गेली असेल, तर मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनात उतरत असण्याची दाट शक्यता आहे. गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

गाडी फक्त उन्हाळ्यात, फक्त चढावर आणि फक्त तापल्यावर बंद पडते का? तर तो व्हेपर लॉक असू शकतो. मे महिन्याच्या दुपारी कसारा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर बसलेला मेकॅनिकल पंप इतका तापतो की पाईपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबल्यावर गाडी चालू झाली, तर निदान पक्कं. इलेक्ट्रिक पंप इथे खरोखर उपयोगाचा आहे. तो टाकीजवळ बसतो, म्हणून पुढचा सगळा पाईप ओढीत न राहता दाबाखाली राहतो, आणि दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहजासहजी होत नाही.

## टप्पा २: दुकानात जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा

पहिला आकडा: प्रेशर. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मेकॅनिकल पंपाचं प्रेशर दिलेलं असतं. तोच आकडा शेवटचा. मॅन्युअल मिळत नसेल तर हे धरून चाला: एसयू कार्बोरेटरला ३ पीएसआयच्या आत, सोलेक्स आणि वेबर घराण्यातल्यांना २.५ ते ३.५. मारुतीचे कार्बोरेटर थोडं जास्त सोसतात, तरी मी ४ च्या वर नेत नाही.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती मीही केली आहे. काउंटरवर मी म्हणालो, "तीनचा पंप द्या." माझ्या मनात ३ पीएसआय होतं. दुकानदाराने फडताळातून ३ बारचा काढून दिला, जो इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीचा असतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजे माझ्या हातात ४३ पीएसआयहून जास्तीचा पंप होता. खोक्यावर लिहिलेलं मी वाचलंच नाही. घरी येऊन पद्मिनीला बसवला आणि चावी फक्त फिरवली, सेल्फही मारला नव्हता. पंपाचा आवाज चढला आणि काही सेकंदांत कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उसळून इंजिनावरून खाली ओघळायला लागलं. इंजिन गार होतं म्हणून निभावलं. तेच गाडी फिरवून आणल्यावर झालं असतं, तर गरम एक्झॉस्टवर ती धार पडली असती.

म्हणून हे रूपांतर वहीत लिहूनच ठेवा:

- ३ पीएसआय म्हणजे साधारण ०.२ बार, म्हणजेच साधारण २० किलोपास्कल.
- ४ पीएसआय म्हणजे साधारण ०.२८ बार.
- खोक्यावर ३ बार, ३०० किलोपास्कल किंवा ४० च्या पुढे पीएसआय दिसलं, तर तो पंप खाली ठेवा. कार्बोरेटरला तो चालत नाही, रेग्युलेटर (प्रेशर कमी करणारा भाग) लावूनही नाही.

दुसरा आकडा: फ्लो. लोक याला उगाच घाबरतात. पूर्ण जोरात चालणारं पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ३०० मिलीलिटर पेट्रोल पितं. पद्मिनी किंवा ८०० चं इंजिन ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे तासाला १२ लिटर. अ‍ॅम्बेसेडरच्या १,४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे ५० धरले तर १५ लिटर. दुप्पट राखीव ठेवली तरी ३० लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. बाजारातला लहानात लहान चौकोनी पंपही मोकळ्या पाईपात याहून कितीतरी जास्त देतो. तेव्हा फ्लोच्या आकड्यासाठी मोठा पंप घेण्याचं काहीच कारण नाही.

एक बारकावा मात्र आहे. खोक्यावरचा फ्लो मोकळ्या पाईपाचा असतो आणि खोक्यावरचं प्रेशर बंद पाईपाचं. दोन्ही एकाच वेळी कधी मिळत नाहीत. शिवाय पेट्रोल वर चढवायलाही प्रेशर खर्च होतं, उभ्या एका मीटरला साधारण १ पीएसआय. टाकी आणि कार्बोरेटर यांत अर्धा मीटर चढ असेल तर अर्धा पीएसआय वाटेतच जातो. त्यामुळे २ पीएसआयचा पंप कागदावर पुरेसा वाटतो आणि घाटात कमी पडतो.

तिसरा आकडा: व्होल्टेज आणि अर्थ. बहुतेक गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. फार जुनी जीप असेल तर ६ व्होल्टची निघू शकते, बॅटरी बघूनच ठरवा. आणि बॅटरीची कोणती तार बॉडीला लागली आहे ते डोळ्यांनी बघा. जुन्या ब्रिटिश वळणाच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटचा पंप अशा गाडीत उलटा जोडला गेला की तिथेच जळतो.

## टप्पा ३: कोणत्या जातीचा पंप

टिक-टिक करणारा चौकोनी किंवा दंडगोल सोलेनॉइड पंप. आतला प्लंजर मागेपुढे होतो. करंट थोडा खातो, साधारण १ ते २ अँपिअर. बंद पाईपात ठरलेल्या प्रेशरला आपोआप थांबतो. रोजच्या जुन्या गाडीला मी हाच सुचवतो. याचा आणखी एक मोठा फायदा: कानाने निदान होतं. चावी लावली की आधी भराभर टिकटिक, कार्बोरेटरची वाटी भरली की आवाज मंदावतो, मग अगदी तुरळक. इंजिन बंद असताना तो मंदावलाच नाही, तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर निडल बसत नाहीये.

रोटरी पंप. घुंई आवाज करतो, फ्लो जास्त देतो, करंटही जास्त. बहुतेकांना वेगळा रेग्युलेटर लागतो. रेसिंगसाठी इंजिन फुलवलं असेल तर ठीक. दूध-भाजी आणायच्या गाडीला नको.

इंजेक्शनच्या गाडीच्या टाकीतला पंप. भंगारात स्वस्त मिळतो म्हणून लोक आणतात. तो पेट्रोलात बुडून गार राहण्यासाठी बनवलेला आहे. बाहेर बसवला की तापतो, आणि प्रेशरही दसपट. याचा विषय सोडा.

आणि रेग्युलेटर? योग्य प्रेशरचा पंप मिळत असताना जास्त प्रेशरचा घेऊन रेग्युलेटरने दाबायचा, हा उलटा धंदा आहे. रेग्युलेटरचा डायफ्रॅम गेला की सगळं प्रेशर थेट निडलवर येतं. पंप ४ ते ५ पीएसआयचा आहे आणि एसयू कार्बोरेटरला ३ च्या आत हवंय, एवढ्यापुरता चांगला रेग्युलेटर लावायला माझी हरकत नाही. वरच्या चकतीवर आकडे छापलेले स्वस्त रेग्युलेटर त्या आकड्यांना जागत नाहीत. गेज लावूनच सेट करा.

## टप्पा ४: काउंटरवर

नाशिकमध्ये द्वारकेच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं फिरा किंवा ऑनलाइन मागवा, हे तुमच्यावर. पण पैसे देण्याआधी खोकं उघडून पंपाच्या अंगावरचा शिक्का वाचा. खोकं एक आणि आत दुसराच पंप, असं मी पाहिलंय.

विचारायचं ते पूर्ण वाक्यात विचारा: "कार्बोरेटरच्या गाडीला, १२ व्होल्ट, ३ पीएसआय, टाकीबाहेर लावायचा." नुसतं "८०० चा पंप द्या" म्हणालात तर इंजेक्शनवाल्या ८०० चाही हातात पडू शकतो, कारण त्या नावाच्या गाड्या दोन्ही प्रकारांत आल्या.

> तपासा: प्रेशरचा आकडा शिक्क्यावरही नाही, कागदावरही नाही आणि दुकानदार "सगळ्यांना चालतो" म्हणतोय, तर तो पंप घेऊ नका.

## टप्पा ५: बाकीचं सामान आधी गोळा करा

अर्ध्या कामात सामान कमी पडलं की माणूस जुगाड करतो, आणि पेट्रोलच्या लाइनमध्ये जुगाड नको. हे सगळं आधी जवळ असू द्या:

- पंपाच्या अलीकडे लावायला जाड जाळीचा फिल्टर, आणि पलीकडे बारीक फिल्टर
- नवा फ्युएल होज, जुना एकही तुकडा परत वापरायचा नाही
- फ्युएल लाइनच्या गोल पट्टीच्या क्लिपा
- ४ पिनी रिले (इशाऱ्याच्या वायरीवरून पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर, १.५ चौरस मिलीमीटरची वायर
- सेफ्टी कट-ऑफ (टप्पा ९ बघा)
- जुन्या पंपाच्या जागी ब्लँकिंग प्लेट (ती जागा बंद करणारी पट्टी) आणि पॅकिंग
- ० ते १५ पीएसआयचं गेज आणि टी जोड
- रबरी बुश, अग्निशामक सिलिंडर

होजबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याकडे कोणी बघत नाही. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि आतून सोलतं. त्या सोललेल्या रबराचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतात आणि माणूस कार्बोरेटर साफ करत राहतो. होजवर छापलेलं वाचून घ्या. जे३०आर९ दर्जाचा होज इथेनॉल सोसतो. थोडा महाग पडतो, पण दोन-तीन मीटरचाच तर प्रश्न आहे. आतला व्यास निप्पल मोजून ठरवा, बहुतेक लहान गाड्यांना ६ किंवा ८ मिलीमीटर. एक नंबर मोठा होज घेऊन क्लिप आवळून बसवणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

ब्लँकिंग प्लेट तयार मिळाली नाही तर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडे जुन्या पंपाचं पॅकिंग नमुना म्हणून न्या. ५ मिलीमीटर जाडीची पट्टी पुरते.

## टप्पा ६: जागा ठरवा, मगच भोक पाडा

इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चा. म्हणून:

१. टाकीच्या जवळ, आणि जमेल तर टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली.

२. सायलेन्सरपासून दूर. मध्ये पत्र्याचा आडोसा करता आला तर उत्तम.

३. चाकाने उडणारे दगड आणि चिखल लागणार नाही अशा जागी. द्राक्षबागेच्या कच्च्या रस्त्यावर फिरणारी जीप असेल तर चासीच्या आतल्या बाजूला.

४. सोलेनॉइड पंपाचं आउटलेट वरच्या दिशेला, उभं किंवा तिरकं. आडवा टाकला तर हवेचा बुडबुडा आत अडकतो आणि पंप नुसता टिकटिकतो.

५. रबरी बुशवर. थेट पत्र्याला ठोकला तर मागच्या सीटवर बसणाऱ्याला रात्रंदिवस टिकटिक ऐकावी लागेल.

बॉनेटखाली जागा मोकळी आहे आणि बॅटरी जवळ आहे म्हणून पंप तिथे बसवू नका. टाकीपासून इतक्या लांबून ओढायला तो कमी पडतो, गरम होतो, आणि ज्या व्हेपर लॉकसाठी खर्च केला तो जागेवरच राहतो. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

> सावधान: आता पेट्रोलला हात लागणार. मोकळ्या जागेत काम करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते, म्हणून गॅरेजच्या पिटमध्ये उतरून हे काम करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उघडा बल्ब, ग्राइंडर, विडी-सिगारेट काहीही जवळ नको. सिलिंडर हाताशी ठेवा.

## टप्पा ७: जुना पंप काढा

"राहू दे तिथेच, अडचण काय?" असं म्हणून पुष्कळ जण इलेक्ट्रिक पंपाचं पेट्रोल जुन्या पंपातून पुढे नेतात. अडचण मोठी आहे. जुन्या पंपाचा डायफ्रॅम फाटला की इलेक्ट्रिक पंप टाकीतलं पेट्रोल दाबून थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये भरतो, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

काढताना नटबोल्ट सारखे सैल करा. ज्या इंजिनात पंपामागे वेगळा पुश रॉड असतो, तिथे तो बाहेर काढून डबीत जपून ठेवा. जागा पुसा, पॅकिंग लावून ब्लँकिंग प्लेट बसवा. जुना पंप फेकू नका. पुढेमागे गाडी मूळ रूपात आणायची तर तोच लागेल.

> तपासा: जुन्या पंपाला दोन नळ्या होत्या की तीन? तीन असतील तर तिसरी टाकीकडे परत जाणारी रिटर्न आहे. ती नुसती बूच मारून बंद करू नका. कार्बोरेटरजवळ तीन तोंडांचा फिल्टर लावून रिटर्न चालू ठेवा. गरम पेट्रोल आणि वाफ त्या वाटेने परत जाते.

## टप्पा ८: पाईप आणि फिल्टर

क्रम असा: टाकी, जाड जाळीचा फिल्टर, पंप, गाडीचा मूळ धातूचा पाईप, बारीक फिल्टर, कार्बोरेटर. बारीक फिल्टर पंपाच्या अलीकडे लावला तर पंप त्यातून ओढता ओढता थकतो.

धातूचा पाईप कापावा लागला तर टोकाला फुगवटा काढून घ्या. गुळगुळीत टोकावरून होज दाबाखाली निसटतो. बोल्टने आवळायच्या साध्या पट्टीच्या क्लिपा होज कापतात, म्हणून गोल पट्टीच्या घ्या. पत्र्यातून होज नेताय तिथे रबरी ग्रोमेट लावा. काचेचा शोभेचा फिल्टर इंजिनाजवळ लावू नका. तो तडकला तर सगळं पेट्रोल गरम इंजिनावर.

## टप्पा ९: वायरिंग, आणि पंप बंद होण्याची सोय

मेकॅनिकल पंपाची एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते: इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला हे कळत नाही. अपघात झाला, इंजिन बंद पडलं, पाईप तुटला, पण चावी चालू आहे, तर तो रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. म्हणून कट-ऑफशिवाय इलेक्ट्रिक पंप बसवू नका. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

तीन पर्याय आहेत:

इग्निशनच्या पल्सवर चालणारा रिले. कॉइलचे ठोके येत असतील तोवरच पंप चालू, इंजिन थांबलं की पंप बंद. चावी लावल्यावर वाटी भरायला काही सेकंद चालतो. माझी पहिली पसंती.

ऑइल प्रेशर स्विच. यासाठी प्रेशर आल्यावर जोडणारा स्विच लागतो. डॅशबोर्डचा लाल दिवा लावणारा साधा स्विच नेमका उलटा असतो, प्रेशर आलं की तोडतो. तो इथे वापरता येत नाही. शिवाय सेल्फ मारताना पंपाला वेगळी वाट द्यावी लागते, नाहीतर पेट्रोल नाही म्हणून इंजिन नाही आणि इंजिन नाही म्हणून पेट्रोल नाही.

इनर्शिया स्विच. धक्का बसला की तोडतो. स्वस्त आणि सोपा, पण नुसतं इंजिन बंद पडलं तर तोडत नाही. वरच्या दोनपैकी एकाच्या जोडीला लावा.

रिलेची जोडणी: ३० नंबरला बॅटरीतून फ्यूजमार्गे पॉझिटिव्ह, ८७ वरून पंप, ८६ ला इग्निशनचा इशारा, ८५ बॉडीला. कट-ऑफ ८६ च्या इशाऱ्याच्या वायरीवर लावा. पल्सवाल्या रिलेची पिनांची मांडणी वेगळी असते, त्याच्यासोबतचा नकाशा बघा. पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत हीच जोडणी जशीच्या तशी करू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. २ अँपिअरच्या पंपाला ५ अँपिअरचा पुरतो. पंपाचा अर्थ रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला लावा आणि वर ग्रीस चोपडा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे हिरवट थर धरेल.

सीएनजीची गाडी असेल तर आणखी एक काम. पंपाचा इशारा पेट्रोल-गॅस स्विचच्या पेट्रोल बाजूवरून घ्या. गॅसवर असताना पेट्रोलचा व्हॉल्व्ह बंद असतो, आणि पंप त्या बंद दारावर तासन्‌तास धडका देत बसतो.

## टप्पा १०: सेल्फ मारण्याआधीची चाचणी

घाई इथे होते. शेवटची क्लिप आवळली की हात चावीकडे जातो. तासभर काढा आणि हे क्रमाने करा.

१. कॉइलची वायर काढा. कार्बोरेटरकडचा होज काढून खुणा केलेल्या बाटलीत सोडा. पंपाला थेट करंट देऊन ३० सेकंद चालवा. पाव लिटरहून जास्त पेट्रोल आलं पाहिजे. कमी आलं तर फिल्टर, टाकीतली जाळी आणि ओढणारी बाजू बघा.

२. पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा आहे.

३. होज परत जोडा, मध्ये टी लावून गेज बसवा. पंप चालवा. काटा चढून थांबला पाहिजे, आणि थांबला तो आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्याइतका असला पाहिजे. जास्त असेल तर इंजिन सुरू करू नका.

४. पंप चालू ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्चने बघा. दोन मिनिटांत आत एकही थेंब पडता कामा नये. पडत असेल तर निडल आणि तिची सीट झिजली आहे, किंवा फ्लोट भरला आहे. जुन्या पंपाच्या कमी दाबावर ते खपून गेलं होतं.

५. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर दाबून बघा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर दिसते.

६. कॉइलची वायर जोडा, गाडी सुरू करा, आणि इंजिन चालू असताना कट-ऑफची परीक्षा घ्या. इनर्शिया स्विच असेल तर तो काढून हातावर आपटा, पंप थांबला पाहिजे. पल्सवाला रिले असेल तर चावी चालू ठेवून कॉइलची वायर ओढा, इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन सेकंदांत टिकटिक थांबली पाहिजे. ऑइल प्रेशर स्विचचंही तसंच, फक्त प्रेशर उतरायला थोडा वेळ द्या.

## टप्पा ११: पहिली फेरी

पहिल्याच दिवशी घाट गाठू नका. गंगापूर रोडवर किंवा जवळपास अर्धा तास फिरवा, गाडी पूर्ण तापू द्या, मग सावलीत उभी करून बॉनेट उघडा आणि सगळे जोड पुन्हा टिश्यूने बघा. गरम झाल्यावर होज मऊ होतो आणि क्लिप एखादा आटा सैल होते.

दुसऱ्या दिवशी लांबचा चढ घ्या. वणीचा गड किंवा कसारा, पूर्ण थ्रॉटलवर. चढावर गाडी मिसिंग करत असेल तर फ्लो कमी पडतोय. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर काळा धूर येत असेल तर प्रेशर जास्त आहे. थांबल्यावर गरम इंजिन पुन्हा सुरू होताना फार सेल्फ खात असेल, तर कार्बोरेटरजवळचा होज एक्झॉस्टपासून दूर बांधा.

पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही फिल्टर बदला, कारण नवा पंप टाकीतला जुना गाळ हलवतो. डिपस्टिकचा वास पुन्हा एकदा घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर इथेनॉलचं पेट्रोल टाकीत तसंच ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाला बसतं आणि टाकीच्या तळालाच पंपाचं तोंड असतं.

एक जादा फ्यूज, एक रिले आणि हातभर होज डिकीत ठेवा. पंप कुठे बसवला आहे आणि कोणत्या प्रेशरचा आहे हे कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, म्हणजे उद्या दुसऱ्या मिस्त्रीच्या हातात गाडी गेली तरी तो बदली म्हणून ३ बारचा बसवणार नाही.